चौथीपर्यंत न उसवलेली दुमड

मी एक शाळेचा निळा फ्रॉक बोलतोय. कल्याणच्या बाजारात शिवलेला. जाईबाई शिंप्याच्या डोक्यावरच उभी होती. "वाढत्या अंगाचा शिवा हां! खाली दुमड जास्त सोडा. पोरगी पहिलीत चाललीय."

दरवर्षी जूनमध्ये दुमड थोडी उसवायची, असा बेत होता. चौथीपर्यंत एकही टाका उसवावा लागला नाही. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत माझं केवढं कौतुक! "कापड काय टिकलंय बघ," जाईबाई शेजारणींना दाखवायची. आतली तिची लेक स्वप्ना वाढत नव्हती, पण श्रेय मला मिळालं.

तिच्या तान्हेपणाची कथा मी घरातच ऐकली. जाईबाई घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये दुसऱ्यांच्या बाळाला तूप घालून खिचडी भरवायची. तिची स्वतःची लेक इकडे चहात बुडवलेल्या बिस्किटावर आणि डाळीच्या वरच्या पाण्यावर. अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं, "हिची उंची खुंटतेय. ही पहिली दोन वर्षं गेली की भरून निघणं कठीण." बाप जगन हसला. "आमच्यात सगळे बुटकेच, ताई. शाळेत गेली की खेचेल उंची."

गेली शाळेत. पाढे सकाळी पाठ, दुपारी सपाट. मास्तरांनी निदान केलं, आळशी आहे. अंगासारखं डोकंही त्याच दोन वर्षांत घडतं, हे मला सांगता आलं असतं. पण फ्रॉकला कोण विचारतो?

तरी मोठी होताना स्वप्नाने पोलीस व्हायचं ठरवलं. रोज धावली, एकेक धडा पुन्हा पुन्हा घोकला. जगनने उंची वाढवायची पावडर आणली, लटकायला दारात दांडा ठोकला. वाढ कधीच थांबलेली पोर बिचारी लटकली. यंदा भरतीच्या मैदानावर उंची दोन बोटं कमी पडली. धावायची वेळच आली नाही. "नशीब एकेकाचं," जगन म्हणाला. नशीब उलट बोलत नाही, हे बरं असतं. त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून रडली, आणि मला माझ्या टिकाऊपणाची लाज वाटली.

परवा जाईबाईने मला ट्रंकेतून काढलं. राजरत्नची, म्हणजे स्वप्नाच्या भावाची लेक संचिता नुकतीच भात खायला लागलीय. "हिला ठेवते. चांगला चौथीपर्यंत जाईल."

स्वप्नाने मला हिसकावलं. "नको आई. हिला वर्षात आखूड झाला पाहिजे." मला खाली टाकून ती संचिताच्या भातात अंडं कुस्करायला बसली.

आता माझं फडकं होईल. खुशाल होऊ दे. तुमच्या घरचे फ्रॉक मात्र लवकर आखूड होवोत. तेव्हा कापडाला नावं ठेवू नका, पोरीला पोटभर जेवायला वाढा.