पट्टी कोण बदलतं?

"घरी पट्टी कोण बदलतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच. घरी कोण नाही," राजरत्न म्हणाला.

मी बाजूच्याच खुर्चीत बसलेले. चांगली जिवंत! मांडीवर त्याची बॅग, हातात त्याची पाण्याची बाटली. म्हटलं, वा रे पोरा, आई म्हणजे काय सामान अडकवायची खुंटी?

शाळेत असताना माझ्या राजाची छाती पोरींसारखी वाढायला लागली. पोरांनी नको नको ते चिडवलं. तेव्हापासून त्याने माझ्यासमोर शर्ट म्हणून काढला नाही. मे महिन्यात लाईट गेली तरी गळ्यापर्यंत बटणं लावलेली. आता कमावता झाला, तर ठाण्याला येऊन ऑपरेशन करून घेतलं. छाती सपाट झाली, पण डावीकडची जखम एका टोकाला जराशी उकलली, तांदळाच्या दाण्याएवढी. त्यातून पाणी यायचं.

"घाबरायचं कारण नाही, भरेल," डॉक्टर म्हणाले. "पण तू सुकलेली पट्टी खेचून काढतोस, तिच्याबरोबर नवी कातडीही निघते. सलाइनने भिजव, सुटेपर्यंत थांब. आरशात बघून एकट्याला ते जमत नाही. कोणाची तरी मदत घे."

येताना शीळफाट्याला आमची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली आणि माझं तोंड सुटलं. "घरी कोण नाही काय रे? मी काय भाड्याने राहते तुझ्याकडे? तुझे बाबा गेल्यापासून आहोत कोण आपण? दोघंच ना?"

"आई, ड्रायव्हर ऐकतोय."

"ऐकू दे! त्यालाही आई असेल."

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. मग हळूच म्हणाला, "लाज वाटते गं."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. ज्याची शी-शू काढली, तो पोरगा मला दिसेनासा झालेला. जवळ घ्यायला गेलं की मध्ये कोपर घालायचा. किती तरसले मी त्याला नुसतं पोटाशी धरायला, कोणाला सांगणार?

आंबिवलीला घरी आल्या आल्या तो बाथरूममध्ये शिरला. आतून कडी. मी दाराशी उभी.

"भिजव आधी!"

"भिजवतोय!"

आणि मग आतून 'स्स्स' आलं.

"राजा, ओढू नको रे बाळा."

बऱ्याच वेळाने कडी निघाली.

"ये," तो म्हणाला. "पण काही बोलू नको."

बोलू नको! आणि मला! पण नाही बोलले. साबणाने हात धुतले. तो स्टुलावर बसला, डोळे मिटले आणि ऑपरेशननंतर घालायला दिलेल्या घट्ट बनियनची चेन स्वतःच खाली ओढली. मी पट्टीवर सलाइन सोडलं आणि थांबले. बाळंतपणानंतर त्याला पहिल्यांदा बघितलेलं तसं सगळंच्या सगळं बघून घ्यावंसं वाटत होतं. पण नजर पट्टीवरून हलवली नाही. हलवली असती तर परत कडी लागली असती. पट्टी अलगद सुटून आली. खाली जखम गुलाबी, स्वच्छ. नवीन पट्टी ठेवून मी टेप लावला.

वाकून वाकून कंबर भरून आलेली, तर आधाराला माझा एक हात त्याच्या पाठीवर कधी गेला मला कळलंच नाही.

"आई, हात किती गार आहे तुझा."

मी चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अगं, काढला कशाला?" डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला. "ठेव ना."