आशिषच्या गाडीचे टायर

सकाळी साडेदहाला एकनाथराव औंढेकर नारायणगुड्यातल्या टायरच्या दुकानात पुन्हा एकदा शिरले आणि त्यांनी विचारलं, वेगाच्या गाडीला टायर बसवताना माणूस सगळ्यात मोठी चूक कोणती करतो?

दुकानाचे मालक ख्वाजाभाई काउंटरवर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"लोगां अच्छा टायर कौनसा, पूछते साब. तुमे आते सो खराबीच पूछते."

"अच्छा बी पूछूंगा. पहले ये बताओ."

"लेना है कि नक्को, वो बोलो."

"लेना है."

"पिछले हफ्ते बी बोले थे लेना है."

एकनाथराव जागचे हलले नाहीत. राज्याच्या कोषागारातून निवृत्त झालेला, इस्त्रीचा बुशशर्ट घालणारा, जन्मापासून हैदराबादेत राहिलेला हा माणूस काउंटरला हात टेकून उभा राहिला. शेवटी ख्वाजाभाई उठले. त्यांनी रॅकमधून एक टायर काढून जमिनीवर गोल फिरवला आणि त्याच्या बाजूवर कोरलेल्या बाणावर बोट ठेवलं. टायरच्या खाचा बाणाच्या टोकासारख्या तिरप्या होत्या. गाडी जिकडे जाते तिकडेच बाण हवा, म्हणजे त्या खाचा पाणी बाहेर फेकतात. उलटा बसवला तर पाण्यात टायर रस्ता सोडतो.

"मगर ऐसा कोई नईं बिठाता साब. नौसिखिया बी नईं."

"मैं बोला कि मैंने उलटा बिठवाया, तो समझने वाला क्या बोलेगा?"

"समझने वाला?" ख्वाजाभाई हसले. "समझने वाला तुमकू मारेगा."

एकनाथरावांनी मान डोलावली. उलट्या टायरचं वाक्य त्यांनी मनात घोळवलं आणि रिक्षा करून ते हॉस्पिटलकडे निघाले.

त्यांचा मुलगा आशिष ऑगस्टपासून बेशुद्ध होता. वय सत्तावीस, माधापूरच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, अजून लग्न नाही. त्याच्याकडे एक लाल टर्बो गाडी होती. सेकंडहँड, पण इंजिन त्याने स्वतः पारखून घेतलेलं. तिचे टायर झिजून जवळजवळ सपाट झाले होते. नवे घ्यायचे तर दोन जाती त्याच्या डोक्यात होत्या. एकाचं रबर मऊ; कोरड्या रस्त्यावर वळणाला चिकटून राहणारं, पण पावसात बेभरवशाचं. दुसरा पाण्यात पक्का, पण वळणावर किंचित सैल. निर्णय होईना. जेवताना तो त्यावरच बोलत असे. "लग्नाला पोरगी बघायला एवढा वेळ लावला असतास तर आज मला सून असती," असं त्याची आई निर्मला म्हणायची.

निर्णय होईपर्यंत झिजलेल्या टायरवर ओल्या रस्त्यावरून गाडी काढायची नाही, असं त्याने ठरवलं होतं आणि ते पाळलं. म्हणून ऑगस्टातल्या त्या पावसाच्या दिवशी टायर बघायला तो आईची स्कूटर घेऊन गेला. बरकतपुऱ्याच्या चौकात पाण्याच्या टँकरचा त्याला धक्का लागला. हेल्मेट डोक्यावर होतं, पट्टाही लावलेला होता. गाडी घराखाली कव्हर घालून तशीच उभी राहिली.

डॉक्टर श्रीलता यांनी सांगितलं होतं की, त्याच्याशी बोलत राहा, जे त्याच्या जवळचं असेल ते बोला. निर्मलाबाई नातेवाइकांच्या बातम्या सांगत, स्तोत्र म्हणत, त्याच्या लहानपणच्या खोड्या सांगत. एकनाथरावांना काय बोलावं ते सुचत नसे. बापलेकांचं बोलणं आजवर एकाच प्रकारचं झालं होतं: एकनाथराव गाडीबद्दल काहीतरी चुकीचं बोलायचे आणि आशिष दुरुस्त करायचा. "बाबा, दोनशे पंधरा ही टायरची रुंदी आहे, हाइट नाही." "बाबा, टर्बो म्हणजे हॉर्न नाही ओ." त्याच्या उजव्या भुवईवर तेव्हा एक आठी पडायची.

सप्टेंबरातल्या एका दुपारी, काहीच सुचेना म्हणून, एकनाथराव खाटेशी बसून म्हणाले, "पुढचे दोनच टायर बदलून टाकतो रे. मागचे राहू दे जुनेच." दोनच नवे घ्यायचे झाले तर ते मागे लावायचे, हे आशिषने त्यांना पूर्वी अनेकदा सांगितलं होतं. ते वाक्य संपलं आणि आशिषच्या उजव्या भुवईवर आठी पडली. क्षणभर राहिली, गेली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

त्या दिवसापासून एकनाथराव चुका गोळा करत होते. स्वतःला माहीत असलेल्या चुका लवकर संपल्या. मग ते नारायणगुड्याला जायला लागले.

त्या बुधवारी दुकानातून ते खोलीत आले तेव्हा निर्मलाबाई आशिषच्या तळपायांना तेल लावत होत्या. त्याच्या गळ्याला नळी होती, डोळे अर्धे उघडे होते. ते उघडे असले तरी बघत नाहीत, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलं होतं.

एकनाथराव खुर्ची ओढून बसले. "आशिष, टायर घेतले. बाण मात्र उलटे ठेवायला सांगितले. दिसायला बरे दिसतात."

काही झालं नाही.

"आणि पावसाळा आहे म्हणून हवा निम्मीच भरली. म्हणजे चिकटून चालेल."

काही झालं नाही. ते वाकून कपाळाकडे बघत राहिले.

"अहो, पुरे," निर्मलाबाई म्हणाल्या. "काय हे बोलायलात त्याच्यापुढं रोज? त्याला जर खरंच ऐकू येत असेल, तर पोरगं आतल्या आत किती चिडत असेल? हात हलवता येईना, तोंड उघडता येईना, आणि बाप बसून चिडवायलाय."

"चिडू दे."

"असं कसं चिडू दे?"

"मग कशाने उठेल तो? तुझ्या स्तोत्राने?"

 तेलाची वाटी त्यांनी टेबलावर ठेवली आणि पदराला हात पुसला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर येऊन गेल्या. शुक्रवारी बघणार म्हणे."

शुक्रवारी काय ते दोघांनाही ठाऊक होतं. सांगितलेलं ऐकून आशिषने काहीही केलं, बोट हलवलं, नजर फिरवली, तरी त्याला पुनर्वसनाच्या वॉर्डात घेतलं जाणार होतं. तिथे अशा रुग्णांवर रोज मेहनत घेत. काहीच दिसलं नाही तर नळ्यांसकट घरी. खाटा थोड्या होत्या आणि वाट बघणारे पुष्कळ.

"तू त्यांना आठीचं सांगितलंस?" एकनाथरावांनी विचारलं.

"सांगितलं. मी पाहिली का, म्हणून त्यांनी विचारलं. मी काय सांगू? मी पाहिलीच नाही."

गुरुवारी एकनाथराव दुकानात गेले ते थेट म्हणाले, "ख्वाजाभाई, टायर लेता हूं. गाड़ी यहां लाता हूं. दो उलटे बिठाओ. मैं वीडियो निकालता हूं, हवा की मशीन की आवाज के साथ."

ख्वाजाभाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "साब, उलटा मेरे हाथ से नईं होता."

"मैं बोल रहा हूं ना. जिम्मेदारी मेरी."

"जिम्मेदारी की बात नईं. कल को कोई चलाया तो?"

"कोई नहीं चलाएगा."

"फिर टायर कायकू?"

मग एकनाथरावांनी सांगितलं. उभ्याउभ्या, तारखांसह, कोषागारातल्या टिपणीसारखं कोरडं.  सगळं संपल्यावर ख्वाजाभाईंनी विचारलं, "लाल गाड़ी? दाढ़ी वाला, चश्मा?"

"हौ."

"अरे वो बच्चा तो मेरा सर खाता था! इसी स्टूल पे बैठता. मैं बोला कि मऊ रबर नक्को रे, हैदराबाद की गर्मी में मक्खन हो जाता, तो मेरेकूच पढ़ाता था." 'मऊ' हा शब्द त्यांनी आशिषकडूनच उचलला असावा, त्यांना तो मराठी आहे हेही ठाऊक नव्हतं. "आखरी बार पूछा, चचा, तुमे होते तो कौनसा लेते? मैं गिराकां में था. बोला, कल आ, बताता हूं."

त्यांनी ते स्टूल ओढून एकनाथरावांपुढे ठेवलं.

"डॉक्टर कितने बजे आते?"

शुक्रवारी साडेबाराला खाटेभोवती चौघं होते. डॉक्टर श्रीलता टॉर्च हातात घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. त्यांनी आधी त्यांच्या पद्धतीने सगळं करून पाहिलं. बोट दाब, डोळे मीट, इकडे बघ. मग त्या म्हणाल्या, "ठीक है अंकल. आप लोग बात कीजिए. मैं देखती हूं."

ख्वाजाभाई नमाजाच्या पांढऱ्या टोपीत आले होते. इथून परस्पर जुम्म्याच्या नमाजाला जायचं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"सलाम बेटा. तेरे अब्बा टायर लिए. मैं बोला चौड़ा लो, और चौड़ा, गाड़ी के बाहर निकले इत्ता चौड़ा. जित्ता चौड़ा उत्ता अच्छा."

"बराबर है," एकनाथराव म्हणाले. "और पुराना माल लिया, पांच साल पहले का. रबर पक्का होता है पड़े-पड़े."

"एकदम पक्का. अचार के सरीखा."

निर्मलाबाईंच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यांनी लगेच तोंडावर पदर घेतला. एकनाथरावांनी मागे वळून पाहिलं नाही.

"अलाइनमेंट नहीं कराया," ते म्हणाले. "फालतू है."

"फालतू खर्चा. हात छोड़े तो गाड़ी अपने आप घर जाती."

ते दोघं असे बोलत राहिले. आवाज चढले. दारातून एक वॉर्डबॉय डोकावून गेला. आशिषचा श्वास नळीतून एकसारखा येत-जात होता. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, पण त्या गेल्या नाहीत.

ख्वाजाभाई अचानक थांबले. ते खाली वाकले आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, "पानी वाला ले बेटा. तू पूछा था ना. मैं होता तो वोइच लेता."

एकनाथराव घाईने म्हणाले, "नहीं, नहीं, ख्वाजाभाई, उलटा बोलो."

"माफ करो साब. निकल गया."

आशिषच्या डाव्या पापणीची फडफड झाली. निर्मलाबाईंनी खाटेची दांडी धरली. डॉक्टर पुढे झाल्या, टॉर्च लावला, त्याला नावाने हाक मारली, तेच वाक्य ख्वाजाभाईंना पुन्हा म्हणायला लावलं. आणखी एकदा म्हणायला लावलं. पापणी पुन्हा हलली नाही.

"अंकल, ये अपने आप भी होता है," त्या बाहेर आल्यावर म्हणाल्या. "मैं झूठ नहीं बोलूंगी आपसे. इस पर मैं बेड नहीं मांग सकती."

"आपने देखा ना?"

"हिलना देखा. समझना नहीं देखा."

जिन्यात ख्वाजाभाईंनी एकनाथरावांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांना नमाजाला उशीर झाला होता.

शनिवारी सकाळी त्यांच्या दुकानातली दोन माणसं टेम्पोत जॅक आणि चार टायर घालून बरकतपुऱ्याला घरी आली. एकनाथरावांनी पाण्यात पक्के असणारे टायर निवडले होते. कव्हर काढलं, गाडी उचलली, टायर चढले. एकनाथराव प्रत्येक चाकाशी वाकून बाण बघून आले. सगळे बरोबर होते. दुपारी आशिषला घेऊन अँब्युलन्स आली तेव्हा गाडी थोडी पुढे घ्यावी लागली, स्ट्रेचर वळत नव्हतं म्हणून. निर्मलाबाईंनी नव्या टायरांकडे पाहिलं.

"आता त्याला काय सांगणार?"

"उलटे बसवले म्हणून."

पुढच्या खोलीत, खिडकीशी, भाड्याची हॉस्पिटलची खाट लावली होती. नळीतून अन्न कसं द्यायचं, कूस कधी बदलायची, ते नर्सने दोघांना शिकवलं होतं. पहिल्या दिवशी दोघांनी ते वहीत बघून केलं. दुसऱ्या दिवशी वही लागली नाही.

सोमवारी दुपारी एकनाथराव खाटेशी बसले होते. त्यांचं उलट्या बाणांचं सांगून झालं, हवेचं सांगून झालं, मग ते थांबले.  निर्मलाबाई आतून आल्या तेव्हा ते हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते.

"काय झालं?"

"संपलं सगळं. आता काही सुचत नाही."

 त्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला स्टूल ओढून बसल्या. गाडीतलं त्यांना काहीच कळत नव्हतं. त्या नेहमी मागच्या सीटवर बसायच्या. पेट्रोलपंपावर आशिष दर वेळी काच खाली करून पोराला एकच गोष्ट ओरडून सांगायचा, तेवढी मात्र त्यांनी ऐकली होती.

"आशिष," त्या म्हणाल्या.  त्या पुढे वाकल्या. "आशिष, मी गाडीत डिझेल भरायला सांगितलंय रे. पेट्रोल कशाला उगीच. टाकी फुल करून टाका म्हटलं."

एकनाथरावांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि थोडं रॉकेल पण," त्या म्हणाल्या.

फिजिओथेरपिस्ट चारला आला. तोवर आशिष हलला नव्हता. निर्मलाबाई बोलत होत्या.