चाखण्याचा फोटो

कारखान्याच्या कँटीनचा आचारी खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणूनच आहारतज्ज्ञ बाईंचा फोन आला की त्याचं पित्त खवळायचं. मधुमेहामुळे दंडावर रक्तातली साखर मोजणारा सेन्सर चिकटवलेला, त्याचे आकडे फोनमधून थेट बाईंकडे. शिवाय प्रत्येक जेवणाआधी ताटाचा फोटो. मूठभर भात, वाटीभर भाजी, काकडी. हा इमानेइतबारे पाठवायचा.

"दहा ते एक साखर रोज चढते आणि त्या वेळेचा एकही फोटो नाही," बाई म्हणाल्या. "खरं सांगा, काय खाता?"

"पाणी प्यायला फुरसत नसते हो!"

शेवटी डॉक्टरांनी सकाळची गोळी वाढवली. आचाऱ्याच्या जिवाला घोर लागला. आज गोळी, उद्या इन्सुलिनची सुई! दिवसभर फोन उघडून साखरेचा आकडा बघायचा, बंद करायचा, पुन्हा उघडायचा.

सुटीच्या दिवशी त्यानं गोळी घेतली, न्याहारी केली, फोटो पाठवला. अकराच्या सुमारास हातपाय थरथरायला लागले, सदरा घामानं भिजला, फोन ठणाणा करू लागला. साखर फारच खाली गेली होती. बायकोनं आधी साखरेचं पाणी पाजलं आणि मग ओरडून घेतलं.

तेवढ्यात बाईंचा फोन. "आज वेगळं काय केलंत?"

"काही नाही. घरीच आहे."

बायकोनं फोन हिसकावला. "अहो बाई, आज यांनी चाखलं नाही ना!"

"चाखणं म्हणजे काय खाणं झालं?" आचारी उखडला.

"किती वेळा चाखता?" बाईंनी विचारलं.

तो मोजू लागला. चार पातेली, प्रत्येकात सात-आठ चमचे. गोडाचं पातेलं तर दहादा. मोजता मोजता हाताची बोटं संपली. पंचवीस वर्षं पोटात जात होतं आणि हा शहाणा ते जिभेच्या खाती टाकत होता.

गोळी कमी झाली, पण चाखणं बंद. न चाखणारा आचारी कसला? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी रस्सा उकळत होता. पळी तोंडाजवळ गेली आणि थांबली. पातेल्याभोवती त्यानं दोन फेऱ्या मारल्या, उगाच गॅस कमीजास्त केला. पलीकडे हाताखालच्या मावशी भाजी चिरत होत्या. "तुम्हाला काय कळतंय," म्हणत तो त्यांना वर्षानुवर्षं गप्प करत आला होता. त्यानं पळी त्यांच्यापुढे धरली.

"बघा जरा."

मावशींनी हात पुसले, चाखलं. "मीठ कमी आहे."

"कमी?" त्याच्या मिठाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. एकच थेंब आपण बघावा, म्हणून जीव कासावीस झाला.

"जरासं कमी आहे, भाऊ," मावशी चाचरत म्हणाल्या.

त्यानं मिठाचा डबा उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

"तुम्हीच घाला."