टोपल्यातून सुटलेले हात

माझी आई मंगलाबाई तुमसरच्या एका राईस मिलमध्ये एकतीस वर्षं डोक्यावर टोपलं घेऊन धान वाहत होती. मला जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरी लागली, क्वार्टर मिळालं आणि मी तिला इकडे आणलं. वाटलं, आता ही खुर्चीत बसून आरामात चहा पिईल. कसलं काय! भाजीची पिशवीसुद्धा ती डोक्यावर आणायची, तीही खाली कापडाची चुंबळ ठेवून. सगळ्या कॉलनीत माझी शोभा.

पंधराव्या दिवशी तिने बॅग भरली. मिलच्या मुकादमाचा, टेकचंदचा, फोन आला होता. सीझन सुरू झाला होता आणि तिची जागा अजून रिकामी होती.

"सोमवारी चालली मी. रिकाम्या हातानं बसवत नाई मले."

"कायले जातं? मानेचा मणका झिजला ना तुझा!"

"हात कुठं झिजले?"

मी चिडले, रडलेही. पण ऐकेल ती माझी आई कसली.

रविवारी संध्याकाळी मी शेजारच्या उषाबाईंकडे गेले. त्या ख्रिस्ती, आम्ही बौद्ध. पण त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून रोजचं स्तोत्र मीच वाचून दाखवते. आईही सोबत आली. डोक्यात राग होताच, म्हणून लवकर उरकायला वरच्या ओळी गाळून मी मधूनच सुरुवात केली. देव सांगत होता, मिसर देशात गुलाम होते त्यांच्या खांद्यावरचं ओझं मी उतरवलं, त्यांचे हात टोपल्यातून सोडवले.

"थांब," आई म्हणाली. "टोपलं? बायबलात टोपलं आहे?"

"आहे ना," उषाबाई म्हणाल्या. "माती, विटा वाहत होते बिचारे."

"चुंबळ होती का त्यायले?"

उषाबाई लहानपणापासून हे स्तोत्र ऐकत आल्या होत्या, पण असं कुणी विचारलं नव्हतं. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांवरचा काळा चष्मा सावरावा लागला.

आई हसली नाही. स्वतःचे तळवे बघत म्हणाली, "मंग सुटलेल्या हातायचं काय केलं त्यायनं?"

मी पुढे वाचलं. पुढे देव लोकांवर रागावत होता. हातांचं कुठेच काही नव्हतं.

"सुरुवातीपासून वाच, पोरी," उषाबाई म्हणाल्या. "तू वरचं गाळलं. मले दिसत नसंल, ऐकू तर येते."

चोरी पकडली गेली. वर लिहिलं होतं: गाणं म्हणा, डफ वाजवा.

आई उठून घरी गेली. बॅगेला कुलूप लावायला गेली असणार, असं मला वाटलं. ती परत आली तेव्हा हातात चुंबळ होती. ती तिने उषाबाईंच्या ओसरीवर ठेवली, तिच्यावर त्यांचा पाणी भरायचा रिकामा पितळी गुंड ठेवला आणि बोटांनी ताल धरला.

मग ती गायला लागली. मी लहान असताना ती विहारात जयंतीला असंच गायची. मान दुखायला लागली तसं तिचं गाणं बंद झालं, आणि मी ते विसरूनही गेले होते. मला स्वतःची लाज वाटली आणि आनंदही इतका झाला की टाळ्यांचा ताल चुकत राहिला. उषाबाईंनी तर शब्द माहीत नसताना सूर लावला होता.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. टेकचंदच होता.

आईने ताल सोडला नाही. हनुवटीनेच मला खूण केली. "तू उचल, रीना. सांग त्याले, माझे हात रिकामे नाई."