कंबरदुखीची नोंद

कारखान्याचा भोंगा व्हायला अजून अवकाश होता. दवाखान्याच्या खिडकीजवळ काकू एका नव्या पोरीला शिकवत होत्या, "काय होतंय विचारलं तर कंबर दुखते म्हणायचं. बाकीचं आत डॉक्टरीणबाईंना सांग."

काकू म्हणजे शिवणखात्यातल्या दोनशे बायकांच्या मुकादम. खिडकीत बसणारा कारकून पुरुष, मागची रांगही पुरुषांची. तिथे पाळी, पिशवी, अंगावरून जाणं हे शब्द कोण उच्चारणार? म्हणून ही युक्ती काकूंनीच काढली होती. कारकून वहीत 'कंबरदुखी' लिहायचा आणि आत डॉक्टरीणबाई खरा आजार विचारून उपचार करायच्या. "तुमच्याकडे माणसं कमी आणि कमरा जास्त," असं त्या म्हणायच्या, बायकाही हसायच्या. जुन्या योजनेत सगळंच बसत होतं, त्यामुळे वहीत काय लिहिलंय याची कुणाला फिकीर नव्हती.

मग आरोग्य योजना बदलायची ठरली. समितीत सहा पुरुष आणि एकट्या काकू. साहेबांनी वही उघडली.

"नव्या योजनेत बायकांच्या आजारांचा भाग वेगळा घ्यावा लागतो. पण चार वर्षांत एकीलाही तसला आजार झालेला दिसत नाही. तो भाग सोडला तर सगळ्यांना चष्मे मिळतील. काकू, तुमचं काय म्हणणं?"

काकूंना सगळं ठाऊक होतं. एकच वाक्य बोलायचं होतं. पण सहा पुरुषांसमोर पिशवीचं नाव काढायचं? त्यांचे कान तापले. दोनशे जणींना धाकात ठेवणारी ही बाई मूग गिळून बसली आणि सही करून बाहेर आली. मला त्यांचा राग येतो. आणि रागावतानाच माझ्या स्वतःच्या घरात कोणते शब्द कुजबुजत बोलले जातात, तेही आठवतं.

काकूंची सून त्याच खात्यात शर्टांची काजं करायची. काही दिवसांनी ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठून चादर धुऊ लागली.

"रोज काय गं चादरी धुतेस?"

"धूळ फार येते, आई."

काकूंनी पुढे विचारलं नाही.

सहा महिन्यांनी सून मशीनवरच कोसळली. मोठ्या इस्पितळात कळलं, पिशवीच्या तोंडाचा कर्करोग होता आणि तो पसरला होता. डॉक्टरीणबाईंनी पाच महिन्यांपूर्वीच तपासणी लिहून दिली होती, पण ती योजनेत बसत नाही म्हणून कारकुनानं चिठ्ठी परत केली होती.

"घरी सांगायचंस ना गं! मी कुठूनही काहीही केलं असतं," तिचे पाय चेपता चेपता काकू म्हणाल्या.

सुनेनं त्यांचा हात धरून चेपणं थांबवलं.

"त्या योजनेच्या कागदावर तुमची सही होती, आई. कळलं असतं तर तुम्ही स्वतःला खात बसला असता. म्हटलं, वाटेल बरं आपोआप."

दोन महिन्यांत ती गेली. तिला एकतिसावं लागलं होतं.

वर्षअखेरच्या बैठकीत साहेब म्हणाले, "बायकांची यंदाही तक्रार नाही. योजना आहे तशीच पुढे चालू. सही करा, काकू."

काकू उभ्या राहिल्या.

"नाही करणार. माझ्या सुनेला पिशवीचा कर्करोग झाला होता. महिनोन्महिने तिच्या अंगावरून रक्त जात होतं. तुमच्या वहीतली एकूण एक कंबर म्हणजे कुणाची न थांबणारी पाळी आहे, कुणाचा पडलेला गर्भ आहे, कुणाची खाली सरकलेली पिशवी आहे."

कुणीतरी खाकरलं. "काकू, बसा ना. असलं सगळं इथे कशाला..."

"इथेच. इथेच गप्प बसले होते मी."

साहेबांचा आवाज खाली आला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली." काकूंना रडू फुटलं, पण त्या थांबल्या नाहीत. "हे लिहा आधी. मला लाज वाटली म्हणून माझी सून मेली, असं माझ्या नावानं लिहा. त्याच्याखाली लिहा, बायकांच्या आजारांचा भाग योजनेत परत घेतला. दोन्ही मला मोठ्यानं वाचून दाखवा. मग करते सही."