सहावी निष्पत्ती

पंचवीस वर्षं वॉर्डात आणि वर अकरा वर्षं विद्यापीठात काढली, तरी तिला सगळे सिस्टरच म्हणत. मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांची शुश्रूषा हा तिचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. तिनेच तो उभा केला होता, आणि दरवर्षी आठ-दहा परिचारिका तो पुरा करून बाहेर पडत.

यंदा वरून फर्मान निघालं. प्रत्येक पदव्युत्तर अभ्यासक्रमाने आपल्या अध्ययन निष्पत्ती एका तक्त्यात लिहून द्यायच्या, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला नेमकं काय करता येईल ते. ज्याचा तक्ता मंजूर होणार नाही, त्याचे प्रवेश बंद. मागणी काही वावगी नव्हती. सिस्टरला तर ती आवडलीच. एका बैठकीत तिने सहा वाक्यं लिहून काढली. सहावं होतं, ‘विद्यार्थिनी मरणाऱ्या माणसाजवळ काहीही न करता बसू शकेल.’

ऐकणाऱ्याला गंमत वाटेल, पण तिचं सगळं शिकवणं या एका वाक्यावर उभं होतं. प्रात्यक्षिकाच्या दिवशी ती विद्यार्थिनीचं घड्याळ आणि फोन काढून घेई आणि तिला खाटेशेजारच्या स्टुलावर चाळीस मिनिटं बसवी. कारणाशिवाय नाडी बघायची नाही, चादर ओढायची नाही, सलाईनकडे डोळे लावून बसायचं नाही. निम्म्या जणी दहाव्या मिनिटाला उठून उशी सारखी करत. त्या नापास.

“उशी त्याला टोचत नव्हती बाळा,” ती म्हणे, “तुला टोचत होती.”

हे तक्ते तपासायला गुणवत्ता कक्षात एक गृहस्थ होते. त्यांना सगळे तक्तेमास्तर म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण कागदी घोडे नाचवून नाचवून त्यांना खऱ्या घोड्याचा विसर पडला होता.

“सिस्टर, हे सहावं मोजायचं कसं?”

“मी अकरा वर्षं मोजतेय की.”

“तुम्ही मोजता हो. उद्या तुम्ही नसलात तर? आणि काहीही न करता म्हणजे काय? निष्पत्तीत काहीतरी करायला नको?”

तक्ता तीनदा परत आला. प्रवेशाची जाहिरात निघायला आठवडा उरला, तेव्हा सिस्टरचा धीर सुटला. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ती नुसती बघत बसली होती. नवरा बस डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक. त्याने त्याच्या परीने तोडगा काढला.

“आमच्याकडे तपासणी आली की आम्ही पास झालेल्या गाडीचा फॉर्म समोर ठेवायचो आणि तसाच भरायचो. तुझ्या शेजारणीचा तक्ता पास झालाय ना?”

झाला होता. शेजारच्या खोलीतला दीर्घ आजारांच्या शुश्रूषेचा अभ्यासक्रम पहिल्याच फेरीत सुटला होता. शेजारणीने तक्ता हसत दिला. सिस्टरने मक्षिकास्थाने मक्षिका न्यायाने तो उतरवला, फक्त ‘दीर्घ आजार’ होतं तिथे ‘अंतिम अवस्था’ केलं. नव्या तक्त्यासोबत पहिला मसुदाही जोडायचा होता; त्यावरची सहावी निष्पत्ती तिने पेनने खोडली आणि नियमाप्रमाणे खोडलेल्या ओळीखाली सही केली. नवरा एका बोटाने टाइप करत होता. तो थांबला.

“ते बसायचं राहिलं की.”

“राहू दे. शिकवायचं थोडीच थांबवणारे मी? कागदावर नसलं म्हणून काय बिघडतं?”

तक्ता चार दिवसांत मंजूर झाला, वर शाबासकीही मिळाली. “आता कसं,” तक्तेमास्तर म्हणाले. सिस्टरनेही सुटकेचा निःश्वास टाकला आणि कधी नव्हे ती स्वतःवर खूश झाली.

दोन महिन्यांनी पत्र आलं. मंजूर झालेले सगळे तक्ते एकमेकांशी ताडून पाहिले होते. दोन अभ्यासक्रमांच्या निष्पत्ती जवळजवळ शब्दशः सारख्या निघाल्या. एकच गोष्ट दोन खोल्यांत शिकवायची कशाला? लहान अभ्यासक्रम मोठ्यात विलीन करावा. लहान तिचा होता. काही म्हणणं असेल तर समितीपुढे मांडायला एक दिवस दिला होता.

समितीच्या अध्यक्षबाईंनी सरळच विचारलं, “तुमच्या मुलींना असं काय येतं, जे शेजारच्यांना येत नाही?”

“मरणाऱ्या माणसाजवळ काही न करता बसता येतं.”

कोणी हसलं नाही. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “माझ्या आईच्या वेळी तुमचीच एक होती,” त्या म्हणाल्या. “शेवटचे चार दिवस. आम्ही सगळे नुसते धावत होतो. ती तेवढी बसलेली असायची.” मग त्या तक्तेमास्तरांकडे वळल्या. “हे यांच्या तक्त्यात कुठे आहे?”

सिस्टरच्या जिवात जीव आला. तक्तेमास्तर पानं उलटू लागले. त्यांनाही ते सापडायला हवं होतं, हे त्यांच्या बोटांवरून कळत होतं. शेवटी त्यांनी फाइलच्या तळाचा एक कागद काढला.

“पहिल्या मसुद्यात होतं,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “पण खोडलंय. खाली सिस्टरचीच सही आहे.”

कागद टेबलावरून फिरत तिच्यापर्यंत आला. सही तिचीच होती, चांगली ठसठशीत. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, आणि तोही पुसूनबिसून. आता बोट दाखवायलाही कोणी उरलं नव्हतं. अध्यक्षबाईंनी चष्मा पुन्हा घातला, विलीनीकरण कायम केलं आणि पुढचा विषय घ्यायला सांगितलं.

घरी येऊन ती खुर्चीत बसली आणि नवऱ्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तो तिच्याशेजारी बसला. मग उठला, पाणी आणलं. पंखा कमी केला, पुन्हा वाढवला. तोडगा आपलाच होता हे त्याला आठवलं असावं. शेवटी त्याने तिच्या पाठीमागची उशी काढून झटकली आणि नीट लावली.

तिने त्याला लावू दिली. त्याला बसता येत नव्हतं, आणि यापुढे ते कोणी कोणाला शिकवणार नव्हतं.