खुर्च्यांच्या पुढची सतरंजी

मी कॉलेजची सतरंजी बोलतेय. खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. मला झटकून घडी घालताना अक्काताई मॅडमांनी तसं बजावलंच होतं. पण इतकी वर्षं हा अभिमान पोटात ठेवून माझ्या घड्या दुखायला लागल्या आहेत.

माझा जन्म कर्नाटकाकडच्या एका हातमागावर झाला. अंगावर लाल-निळे पट्टे, दोन्ही टोकांना गोंडे. कोल्हापूरच्या या कॉलेजात आले तेव्हा कुठलाही कार्यक्रम माझ्याशिवाय होत नसे. मग लोखंडी खुर्च्या आल्या आणि मी दाराशेजारच्या सामानाच्या खोलीत गेले. खुर्च्यांवर माझा राग नाही. पण खुर्चीवर बसलेला माणूस कुणासाठी सरकत नाही, हे मी पाहिलं आहे.

१९७४ साली पदवीदानाची आखणी इथं शिकवणाऱ्या अक्काताई मॅडमांकडे आली. त्या जवळच्या गडमुडशिंगी गावच्या, घरात पहिल्या शिकलेल्या, म्हणून त्यांनी जीव ओतून काम केलं. शनिवारी झगे वाटायचे आणि सराव करायचा. रविवारी समारंभ, मग सगळ्यांना मसालेभात. प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरच्यांना दोन खुर्च्या. सगळं नेटकं होतं. फक्त आमच्याकडे 'घरच्यांनी यावं' म्हटलं की गल्ली येते, हे मॅडम खुर्च्या मांडण्याच्या नादात विसरल्या.

रविवारी उचगावहून रोशनबी आली. तिची सलिमा बी.ए. झाली होती, गल्लीतली पहिलीच मुलगी. रोशनबीबरोबर शेजारच्या बायकाही नवी लुगडी नेसून आल्या होत्या. दारावरच्या शिवय्या शिपायानं सांगितलं, दोघंच आत.

शेजारची चिमणाबाई म्हणाली, "पावणं, पोरगी पास एकटी झाली, पर वाढवली समद्या गल्लीनं."

शिवय्या हसला, पण बाजूला झाला नाही. तेव्हा रोशनबी सरळ पायरीवर बसली. सलिमा काळा झगा सावरत धावत आली. तू तरी चल, आता कार्यक्रम सुरू होईल, म्हणून विनवू लागली.

"मी कामाला गेल्यावर ह्यांनी तुला जेवू घातलंय," रोशनबी म्हणाली. "ह्यास्नी भाईर ठिवून मी कुठल्या तोंडानं खुर्चीवर बसू? जा तू. टाळ्या हितंबी ऐकू येतील की."

सलिमा काही जागची हलेना. तिला शोधत अक्काताई मॅडम आल्या. त्यांनी पायरीवरची आई पाहिली, मागच्या बायका पाहिल्या. खुर्ची एकही शिल्लक नव्हती. त्या तशाच वळल्या आणि माझ्या खोलीची कडी निघाली. खुर्च्या मोजून मांडतात, सतरंजीवर बसणारी माणसं कुणी मोजत नाही, हे त्यांना त्या वेळी आठवलं असावं.

शिवय्यानं मला खांद्यावर नेलं आणि व्यासपीठ अन् पहिली रांग यांच्यामध्ये अंथरलं. प्राचार्यांनी विचारलं, हे काय? मॅडम शांतपणे म्हणाल्या, "स्वागतगीताच्या मुली बसतील, सर." हीच ती न सांगायची गोष्ट. मुली गाऊन उठल्या आणि त्यांच्या जागी उचगावच्या बायका येऊन बसल्या. दाराबाहेर अडलेली इतर मुलांची माणसंही आली. 'सरकून घ्या की जरा' म्हणत सगळी मावली. प्राचार्यांनी चष्मा पुसला आणि पहिलं नाव वाचलं.

सलिमाचं नाव आलं तेव्हा सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. रोशनबीनं मात्र टाळी वाजवली नाही. तिनं माझा एक गोंडा मुठीत घट्ट धरला होता. पदवी घेऊन सलिमा वळली, तर समोर पहिला चेहरा आईचाच. मोठमोठे पाहुणे त्या दिवशी माझ्या मागे बसले होते. एवढा मान एखाद्या गालिच्याला तरी मिळाला असेल का?

आता मी मधोमध विरले आहे, पण दर पदवीदानाला मला बाहेर काढतात. आजही समारंभ आहे. आखणी करणाऱ्या मुलामुलींनो, माझं एवढंच मागणं आहे. खुर्च्या हव्या तेवढ्या मांडा, पण मला अंथराल तेव्हा भिंतीकडेला नको, पहिल्या रांगेच्याही पुढं, जिथून आईला आपल्या लेकराचा चेहरा—

दारातून हाक आली, "आरं पोरांनो, ती सतरंजी आणा की लवकर. माणसं उभी हाईत."